डायनामो चार्ज करत नाही? कटआउटला हात शेवटी लावा

जुन्या ट्रॅक्टरची बॅटरी रोज सकाळी उतरलेली सापडली, की पहिला बळी जातो तो कटआउटचा, म्हणजे डायनामो आणि बॅटरी यांच्या मधल्या डब्याचा. नवा डबा आणतात, वायरी जोडतात, दोन दिवस अँपिअर मीटरचा काटा चार्जिंगकडे झुकतो आणि तिसऱ्या दिवशी पुन्हा उतारावर ढकलून ट्रॅक्टर चालू करायची वेळ येते. कटआउट बिघडत नाही असं नाही. पण बऱ्याचदा तो बिघडतो दुसऱ्या कशामुळे तरी. डायनामोची फील्ड कॉइल (चुंबकत्व तयार करणारी गुंडाळी) आतून शॉर्ट असेल तर नव्या कटआउटचे पॉइंटही (मिटणारी-उघडणारी संपर्काची टोकं) जळणारच. म्हणून क्रम असा ठेवा: बॅटरी, बेल्ट, अर्थ, डायनामो, वायरी आणि सगळ्यात शेवटी कटआउट.

इथे धरलाय तो लुकास धर्तीचा १२ व्होल्टचा डायनामो. मॅसी फर्ग्युसन ३५, त्याच्या वंशातले जुने १०३५ आणि त्या पिढीतल्या बऱ्याच ट्रॅक्टरांवर तो दिसतो. ओळख सोपी आहे. लांबट नळकांड्यासारखं अंग, मागच्या झाकणावर दोनच टर्मिनल: मोठं डी, लहान एफ. कटआउटच्या डब्यावर डी, एफ, ई (अर्थ) आणि ए (काहींवर बी) अशी अक्षरं असतात. या एकाच डब्यात दोन वेगळी कामं चालतात. कटआउट डायनामोला बॅटरीशी जोडतो नि तोडतो, रेग्युलेटर व्होल्टेज आवरतो. आपण दोघांना मिळून 'कटआउट' म्हणतो आणि गोंधळ तिथूनच सुरू होतो.

हत्यारं फार लागत नाहीत. काट्याचा मल्टिमीटर (डिजिटलचे आकडे डायनामोजवळ नाचतात, काटा नाचत नाही), २१ वॅटच्या बल्बचा टेस्ट लॅम्प, हायड्रोमीटर (बॅटरीतल्या ॲसिडची घनता मोजणारी नळी), बारीक काचपेपर, स्पिरिट आणि वहीचा एक कागद. कागद कशाला, ते पुढे कळेल.

मुळात बिघाड आहे का?

इंजिन अगदी हळू, डुगडुगत चालू असताना काटा डिस्चार्जकडे असणं हा दोष नाही. या डायनामोला कटआउटचे पॉइंट मिटवण्याइतकं व्होल्टेज तयार करायला मिनिटाला हजार-अकराशेच्या वर फेरे लागतात, आणि आयडलला पुली तेवढी फिरत नाही. अल्टरनेटरच्या गाडीची सवय झालेला माणूस इथे फसतो. थ्रॉटल ओढून इंजिन १२००-१५०० वर न्या आणि मग काटा बघा. बॅटरी भरलेली असेल तर काटा थोडा पलीकडे जाऊन पुन्हा मध्यावर येईल. तेही बरोबरच आहे, रेग्युलेटर हात आखडता घेतोय. खात्री करायची असेल तर हेडलाइट लावा. लाइट लावल्यावरही काटा डिस्चार्जकडे गेला नाही, तर डायनामो काम करतोय.

मग बॅटरी. रात्रभर ठेवून सकाळी सेल्फ मारण्याआधी व्होल्ट मोजा. १२.६ म्हणजे भरलेली, १२.२ म्हणजे निम्मी, ११.८ च्या खाली म्हणजे रिकामी. हायड्रोमीटरने सहाही खाने बघा. पाच खान्यांत १.२४० आणि एकात १.१०० आलं तर तो सेल गेला, डायनामो कितीही चांगला असला तरी उपयोग नाही. पाणी प्लेटांच्या वर साधारण १० मिलिमीटर हवं, आणि ते डिस्टिल्डच. बोअरचं पाणी घातलेली बॅटरी पुढचा हंगाम बघत नाही.

बॅटरी जोडण्याआधी एक गोष्ट डोळ्यांनी बघून ठेवा: चेसिसला कोणतं टोक आहे? इंग्लंडच्या घडणीच्या जुन्या ट्रॅक्टरांत पॉझिटिव्ह अर्थ असायचा. नंतर कोणी वायरिंग करताना तो फिरवलेला असतो, कधी अर्धाच. मीटर लावताना 'जिवंत' टोक म्हणजे चेसिसला न जोडलेलं टोक, एवढं धरा. पॉझिटिव्ह की निगेटिव्ह, हे प्रत्येक ट्रॅक्टरवर बघून ठरवा.

बेल्ट आणि अर्थ

दोन पुलींच्या मधल्या लांब भागावर अंगठा दाबा. १२ ते १८ मिलिमीटर दबला पाहिजे. ढिला बेल्ट लाइट लावल्यावर घसरतो. कडा चकाकतात, चीं असा आवाज येतो. पण जास्त ताणणं त्याहून वाईट. डायनामोच्या पुढच्या बाजूला बॉल बेअरिंग असतं, मागे मात्र साधा सच्छिद्र ब्राँझचा बुश. जादा ताणाने तो बुश झिजून अंडाकृती होतो आणि आर्मेचर (आतला फिरणारा भाग) खाली बसून आतल्या पोलशूंना (फील्ड कॉइलच्या लोखंडी गाभ्यांना) घासू लागतं. बेल्टची आतली बाजू पुलीच्या तळाला टेकत असेल तर तो कितीही ताणला तरी घसरणारच, कारण पकड कडांची असते. नवा घाला.

अर्थचं काम पाच मिनिटांचं. बॅटरीची चेसिसची पट्टी काढून दोन्ही बाजू चकचकीत घासा. डायनामोचा ब्रॅकेट जिथे इंजिनला बसतो तिथला रंग खरवडा. हौसेने नवा रंग दिलेल्या ट्रॅक्टरांना ही व्याधी हमखास असते. कटआउटच्या ई टर्मिनलची वायर चेसिसपर्यंत हाताने चाचपत जा. ही वायर सगळ्यात बारीक आणि सगळ्यात दुर्लक्षित. ती सैल असली की कधी कटआउट चिकटतच नाही, कधी रेग्युलेटरच्या कॉइलला व्होल्टेज कळतच नाही आणि डायनामो मोकाट सुटतो. 'कधी चार्जच करत नाही, कधी बॅटरी उकळते' ही तक्रार आली, की आधी ई बघा.

डायनामो जागेवरच तपासा

ही तपासणी सगळ्यात कामाची, आणि तिला डायनामो उतरवावा लागत नाही.

डी आणि एफच्या दोन्ही वायरी डायनामोवरून काढा, टोकांना चिकटपट्टी गुंडाळा. मीटर फक्त डी आणि डायनामोच्या अंगावर लावा, इंजिन चालू करून थोडं वाढवा. एफ मोकळंच ठेवा. दीड ते तीन व्होल्ट दिसले पाहिजेत. हे लोखंडात उरलेल्या चुंबकत्वाचं व्होल्टेज. इथेच शून्य असेल तर कार्बन (ब्रश) कम्युटेटरला, म्हणजे आर्मेचरच्या टोकाच्या तांब्याच्या पट्ट्यांच्या कड्याला, टेकत नाहीत, असं समजून चला.

आता इंजिन बंद करून डी आणि एफ एका उघड्या तारेच्या तुकड्याने जोडा. मीटर त्या तारेवर आणि अंगावर. इंजिन चालू करून वेग हळूहळू वाढवा. काटा न थरथरता भराभर वर चढला पाहिजे. डायनामोचे हजारभर फेरे पुरेत, म्हणजे इंजिन आयडलच्या जरासं वर. काटा २० व्होल्टपर्यंत जाऊ देऊ नका. रेग्युलेटर काढलेला आहे, आवरणारं कोणी नाही. थ्रॉटल वाढवलात तर आर्मेचर जळेल.

काय दिसलं त्यावर निदान असं:

काही हललंच नाही: कार्बन अडकलेत, झिजलेत किंवा त्यांची शेपटी (जोडणीची तार) तुटलीय.
अर्धा ते एक व्होल्ट आणि तिथेच थांबला: फील्ड कॉइल किंवा तिची जोडणी.
चार-पाच व्होल्टवर अडकला: आर्मेचर.
भराभर चढला: डायनामो ठीक, खोलू नका. पुढे वायरींकडे जा.
चढला पण काटा थरथरतो: कम्युटेटर मळलेला किंवा त्याच्या पट्ट्यांमधला मायका (अभ्रक) वर आलेला.

दुसरी एक परीक्षा आहे, बेल्ट काढून करायची. डी-एफ जोडलेलेच ठेवा, बॅटरीच्या जिवंत टोकाकडून एक वायर त्यावर टेकवा. चांगला डायनामो मोटरसारखा संथ फिरू लागतो, इंजिन त्याला फिरवतं त्याच दिशेने. अडखळत फिरला, हाताने ढकलल्यावरच निघाला, तर आर्मेचर किंवा कार्बनमध्ये दोष आहे. अजिबात न फिरता वायर तापली तर लगेच काढा.

उघडल्यावर

पुली बाजूला ठेवून मागचे दोन लांब बोल्ट काढले की मागचं झाकण कार्बनसकट हातात येतं. काही जुन्या डायनामोंना पत्र्याचा पट्टा असतो, तो सरकवला की खिडकीतूनच कार्बन दिसतात.

कार्बन घरात सहज वर-खाली सरकला पाहिजे. अडकत असेल तर कडेने बारीक कानस फिरवा, घर स्पिरिटने पुसा. लांबी ८ मिलिमीटरच्या खाली गेली असेल तर बदला, आणि नेहमी जोडीने. स्प्रिंगचा ताण स्प्रिंगकाट्याने मोजता येतो. ४०० ग्रॅमच्या आसपास येऊन ठेपला असेल तर नवी स्प्रिंग घाला. नवा कार्बन तसाच बसवला तर तो कोपऱ्यावर टेकतो आणि ठिणग्या उडतात. कम्युटेटरभोवती काचपेपर (खरखरीत बाजू बाहेर) गुंडाळून आर्मेचर थोडं फिरवा, कार्बनला गोलाई येते. भुकटी फुंकून काढा.

कम्युटेटर चॉकलेटी, गुळगुळीत असेल तर त्याला फक्त पेट्रोलने ओला केलेला फडका पुरे. काळा पडला असेल तर काचपेपर. एमरी पेपर लावू नका. त्याचे कण वीज वाहून नेतात, फटींत बसून पट्ट्या शॉर्ट करतात. पट्ट्यांमधला मायका तांब्याच्या बरोबरीला आला असेल तर जुन्या हॅक्सॉ ब्लेडचे दात मायकाच्या जाडीइतके घासून त्याने मायका ०.५ ते ०.८ मिलिमीटर खाली न्या. चौकोनी खाच पडली पाहिजे, कडांना मायका राहता कामा नये. खोल चर पडले असतील तर आधी लेथवर हलका घास, मग खाच.

पत्र्याच्या पट्ट्याच्या किंवा झाकणाच्या आतल्या बाजूला राखाडी धातूचे शिंतोडे दिसले तर ते शिसं-कथिलाचं डाख आहे. आर्मेचर इतकं तापलं की टोकांचं डाख वितळून फिरण्याच्या जोराने बाहेर फेकलं गेलं. हा डायनामोचा दोष नव्हे, ज्यादा लोडचा किंवा चिकटून बसलेल्या कटआउटचा. नुसतं आर्मेचर बदललं तर तेही जाईल.

फील्ड कॉइल ओहमवर मोजा: एफ टर्मिनल ते अंग. ६ ओहमच्या आसपास आलं पाहिजे. अनंत म्हणजे तुटलेली, दोन-तीन म्हणजे आतून शॉर्ट. सहा ओहमला १२ व्होल्टवर दोन अँपिअर जातात, रेग्युलेटरचे पॉइंट तेवढ्यासाठीच घडवलेले. कॉइल शॉर्ट असली की चार ते सहा जातात आणि पॉइंट काळे ठिक्कर पडतात. पंधरा दिवसांत जळणाऱ्या नव्या कटआउटचं कोडं बहुतेकदा इथे सुटतं. आर्मेचरची आतली तपासणी वाइंडरकडच्या ग्राउलरवरच (आर्मेचर तपासण्याच्या यंत्रावरच) होते. घरी एवढंच बघा, की कम्युटेटर आणि शाफ्ट यांच्यात टेस्ट लॅम्प पेटत नाही.

मागचा बुश बदलायचा झाला तर नवा आदल्या दिवशी एसएई ३० ऑइलमध्ये बुडवून ठेवा, पुरते २४ तास. कोरडा ठोकलेला बुश आठवड्यात चिरकतो. बसवल्यावर रीमर फिरवू नका, छिद्रं बुजतात.

झाकण परत लावताना कार्बन घरात वर उचलून स्प्रिंग त्यांच्या बाजूवर अडकवून ठेवा. झाकण पुरतं बसायला बोटभर उरलं, की वाकवलेल्या तारेने स्प्रिंग उचलून कार्बनच्या डोक्यावर सोडा. असं न करता झाकण दाबलं तर कार्बनचे कोपरे उडतात.

वायरी, मग कटआउट

डायनामो चांगला ठरला तर दोन्ही वायरी त्यावर परत लावा, कटआउटकडची टोकं काढून तिथे डी-एफ जोडा आणि तीच व्होल्टची तपासणी पुन्हा करा. इथे आकडा डायनामोवरच्या इतकाच आला पाहिजे. कमी आला तर मधली वायर कुजलीय. बॉनेटच्या काठाखाली, बॅटरीच्या पेटीजवळ ॲसिडने हिरव्या झालेल्या थिंबलमध्ये (वायरीच्या टोकाच्या धातूच्या जोडात) शोधा. ए टर्मिनलवर इंजिन बंद असताना बॅटरीइतके व्होल्ट दिसलेच पाहिजेत. नसतील तर अँपिअर मीटरच्या मागची नटं बघा.

एवढं सगळं बरोबर निघालं तरच डब्याचं झाकण उघडा. उघडण्याआधी बॅटरीचं अर्थ टोक काढा.

जाड तारेच्या कॉइलचा, पॉइंट उघडे असलेला तो कटआउट. बारीक तारेचा, पॉइंट मिटलेले असलेला तो रेग्युलेटर. दोघांचे पॉइंट वेगवेगळ्या रीतीने साफ करायचे. रेग्युलेटरचे कार्बोरंडमच्या बारीक दगडाने, कटआउटचे बारीक काचपेपरच्या पट्टीने. कटआउटच्या मऊ पॉइंटवर दगड किंवा एमरी फिरवू नका. मग दोन्ही स्पिरिटने पुसा.

अर्थ परत जोडा. कटआउट बघायला मीटर डी आणि ई वर लावा, इंजिन हळूहळू वाढवा. १२.७ ते १३.३ व्होल्टला टक् करून पॉइंट मिटले पाहिजेत. वेग कमी केल्यावर ८.५ ते ११ च्या दरम्यान सुटले पाहिजेत.

रेग्युलेटरसाठी आता तो वहीचा कागद. कटआउटच्या दोन पॉइंटांमध्ये त्याची पट्टी सरकवा, म्हणजे डायनामो बॅटरीपासून तुटला. मीटर डी आणि ई वरच. वेग वाढवत न्या. काटा चढेल, एका जागी किंचित थरथरेल आणि थांबेल. ही मोकळी सेटिंग. थंड डब्यावर साधारण १५.५ ते १६.५ व्होल्ट, उन्हाळ्यात खालच्या अंगाला. सोळा बघून घाबरून स्क्रू सैल करणारे पुष्कळ. हा आकडा बॅटरीशिवायचा आहे. बॅटरी जोडली की डब्यातलीच दुसरी कॉइल व्होल्टेज खाली ओढते आणि बॅटरीवर चौदा-साडेचौदाच्या आसपास राहतं. स्क्रू फिरवायचाच झाला तर पाव फेऱ्याहून कमी. आत फिरवला की व्होल्ट वाढतात. तपासणी अर्ध्या मिनिटात उरका, कॉइल तापली की आकडा खोटा येतो. आणि कागद काढायला विसरू नका.

इंजिन बंद केल्यावर काटा पूर्ण डिस्चार्जकडे जाऊन पडला, तर कटआउट चिकटून बसलाय. बॅटरी डायनामोला मोटर समजून फिरवायला बघतेय आणि बेल्ट त्याला अडवतोय. लगेच बॅटरीचं अर्थ टोक काढा. वायरिंग जळायला अशा वेळी फार वेळ लागत नाही.

चुंबक भरणे

डायनामो खूप दिवस पडून होता, वाइंडरकडून आला किंवा बॅटरीचा अर्थ बदलला, तर त्याचं चुंबकत्व नव्याने भरावं लागतं. एफची वायर डायनामोवरून काढा. बॅटरीच्या जिवंत टोकाकडून एक वायर एफ टर्मिनलवर दोन-तीनदा, क्षणभरच टेकवा. छोटी ठिणगी पडते, काम झालं. मग वायर परत लावा. हे न करता उलट्या दिशेचा डायनामो चालवला तर कटआउट टकटक करत पॉइंट जाळून घेतो.

डायनामोवर डी+, डीएफ आणि कटआउटवर बी+ अशी खूण असेल तर तो बॉश धर्तीचा आहे आणि वरची रीत त्याला लावायची नाही. त्यात फील्ड आतून डी+ ला जोडलेली असते आणि रेग्युलेटर ती अर्थ करतो. म्हणून तपासताना डीएफ अंगाला जोडायचा आणि व्होल्ट डी+ वर मोजायचे. डीएफ डी+ ला जोडून वाट बघत बसलात तर चांगला डायनामोही मेलेला दिसेल.

लोडचा हिशेब

ट्रॅक्टरवरचे हे डायनामो पुष्कळदा ११ अँपिअरचेच असतात. ४५ वॅटचे दोन हेडलाइट म्हणजे ९० वॅट, साडेसात अँपिअर. मागचा नांगराचा ३५ वॅटचा दिवा तीन. म्हणजे साडेदहा इथेच झाले, बॅटरीत भरायला अर्धा उरला. ऊस वाहतुकीच्या हंगामात त्यावर टेप, दोन मोठे स्पीकर आणि ट्रॉलीभर दिव्यांची माळ चढते. मग ते डाखेचे शिंतोडे पुन्हा दिसतात. हेडलाइट आणि मागचा दिवा एलईडीचे केले तर लोड निम्म्याच्या खाली येतो आणि जुना डायनामो पुरतो.

रात्रीचं काम रोजचंच असेल तर मात्र अल्टरनेटर बसवणं परवडतं. तेव्हा चेसिसला निगेटिव्ह अर्थच हवा. जुना कटआउट जोडणीतून पूर्ण काढायचा. अल्टरनेटरच्या जाड टर्मिनलपासून बॅटरीपर्यंत ६ चौरस मिलिमीटरची नवी वायर ओढायची. डॅशवरचा जुना ३० अँपिअरचा मीटर या वायरीत ठेवायचा नाही, कारण उतरलेल्या बॅटरीला अल्टरनेटर एका दमात त्याहून जास्त करंट देतो आणि मीटरची नटं तापून मागचं वायरिंग वितळतं.